कोरड्या कुंड्यांचं काम

बाई,

याही वर्षी पाणी तोडलं. दिवाळीची सुट्टी संपवून शाळेत आले तेव्हा मे फ्लॉवरची पानं पिवळी पडायला लागली होती, तुम्ही सांगायचात तशीच, आधी टोकं, मग कडा, मग मधली शीर. आता हळूहळू ती लोळतील, वाळतील, आणि उन्हं चांगली तापेपर्यंत व्हरांड्यात नुसती माती भरलेल्या कुंड्या राहतील. कुंड्या म्हणजे आपले तेच, तेलाचे पत्र्याचे डबे, तळाला खिळ्याने भोकं पाडलेले. तुमच्या शाळेतले एव्हाना गंजून गेले असतील. इथे मी आणले तेही डबेच. माझ्या शाळेतही कुंड्यांसाठी कुणाकडे कधी काही शिल्लक नसतं, तुमच्या शाळेत नसायचं तसंच.

मी दमले आहे, बाई. या वयात कसलं दमणं, असं तुम्ही म्हणाला असतात. म्हणा. वर्गात पोरं मावत नाहीत. शेजारच्या गाळ्यातले कापडाचे लूम दिवसभर चालू असतात, आणि दुपारी वीज गेली की तेवढा वेळच काय तो माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो. वीज आली की पुन्हा खटखट सुरू, आणि मी पुन्हा ओरडायला लागते. शिवाय कसली कसली ड्युटी मागे असतेच, कधी मतदारयाद्या, कधी खानेसुमारी, कधी पोलिओचा रविवार. संध्याकाळी घसा बसलेला असतो, घरी कुणाशी बोलावंसं वाटत नाही. म्हणून लिहायला बसले. खरं सांगायचं तर एका प्रश्नासाठी बसले. तो तुम्हांला विचारायचा होता आणि तुम्ही होतात तोवर माझ्या तोंडातून कधी निघाला नाही. परवा तोच प्रश्न एका बाईने मला विचारला, आणि तेव्हापासून मला चैन नाही.

सातवीतली गोष्ट. गावातली शाळा संपवून मी तुमच्या शाळेत आले होते. आमच्या वळ गावाहून एसटीने भिवंडीत धामणकर नाक्यापर्यंत यायचं आणि तिथून हातगाड्या, टेम्पो, सुताचे गठ्ठे चुकवत चालत. दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशी तुम्ही वर्गातली कामं वाटून दिलीत. कुणाला माठ भरायचं काम, कुणाला तुळशीला आणि जास्वंदीला पाणी घालायचं, कुणाला फळा, कुणाला हजेरी ऑफिसात न्यायची. पाण्याच्या कामासाठी सगळ्यांचे हात वर. मीही केला होता. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "तू गं, या डब्यांकडे तू बघायचं. आजपासून यांना पाणी घालायचं नाही. एक थेंब नाही. कळलं?" वर्ग खो खो हसला. पाणी न घालण्याचं काम! पुढे मला पोरं रिकाम्या डब्यांची मॉनिटर म्हणायला लागली. मधल्या सुट्टीत कुणीतरी येऊन गंभीर चेहऱ्याने विचारायचं, "काय, आज किती पाणी नाही घातलंस?"

काम अगदीच नव्हतं असं नाही. पोरं जेवणाचे डबे खाऊन झाले की तिथेच विसळायची आणि ते पाणी सवयीने कुंडीत फेकायची. रिकामी माती दिसली की माणसाला तिच्यात काहीतरी ओतावंसं वाटतंच. त्यांना अडवायचं. पिवळी पानं ओढायची नाहीत, कात्री लावायची नाही, आपली आपण सुटून आली तरच उचलायची. आणि रोज सकाळी प्रार्थनेआधी मातीवरचा कापूस काढायचा. हे काम भिवंडीबाहेरच्या माणसाला सांगूनही पटणार नाही. लूममधून उडालेला कापूस रात्रभर येऊन मातीवर बसायचा, थंडीत दव पडायचं, आणि तो ओला थर पापुद्र्यासारखा मातीला धरून राहायचा. पाणी न घालताही माती ओली. तुम्ही एकदाच बोटाने उचलून दाखवलंत, "हा राहिला की खालचा कंद कुजतो. दिसत नाही, पण कुजतो." मग मी थंडीभर बोटांनी कापूस वेचत राहिले. गार माती, गार पत्रा, नखांत काळं. माठ भरणाऱ्या मुली ओल्या फ्रॉकने हसत नळाकडून यायच्या, तेव्हा मी तिथे उकिडवी बसलेली असायचे.

आईला मी कौतुकाने सांगितलं होतं की बाईंनी मला झाडांचं काम दिलं. आई तेव्हा लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला जायची, घरी येऊन केसांतला कापूस झटकत बसायची. तिने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "सगल्यांना पान्याचं काम, नि तुला सुकं?"

"अगं, ते कंद झोपल्यात. त्यांना पानी चालत न्हाय."

"झोपल्यात तर झोपू दे. पन ते तुलाच का दिलं? माठाला हात लागू नये म्हनून दिलं असंल."

बाई, आम्ही बौद्ध. आईच्या लहानपणी आमच्या माणसांना विहिरीवर दोर सोडू देत नसत, कुणीतरी वरून ओतेल तेवढं पाणी. माझ्या वेळी तसं काही राहिलं नव्हतं. वर्गातल्या माठातलं पाणी मी सगळ्यांसारखंच ओगराळ्याने घेऊन प्यायचे, कुणी कधी अडवलं नाही, कुणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं असं नंतर किती वेळा वाटलं, मग निदान विचार करत बसावं लागलं नसतं. आईचं ते वाक्य माझ्यात जाऊन बसलं ते बसलंच. बाकीच्यांची कामं महिन्याला बदलायची, माझं बदललं नाही. मी ते नीट करते म्हणून बदललं नाही, की दुसरं काही द्यायचं नव्हतं म्हणून? दोन्ही तितकंच खरं वाटायचं, सकाळी एक आणि दुपारी दुसरं. आईने पुन्हा विषय काढला नाही. शाळेत येऊन विचारणं तर दूरच. पावसात कधी छत्री द्यायला आली तरी फाटकाशी शिपायाकडे देऊन परत जायची. एकदा तुम्ही व्हरांड्यातून तिला हात केला होता, तिनेही केला. तेवढीच तुमची भेट.

तुमचा ओरडाही त्याच थंडीतला. माझ्याने राहवलं नाही, कंपासच्या टोकाने माती उकरून बघत होते की खाली काही आहे तरी का. तुम्ही मागे कधी येऊन उभ्या राहिलात कळलं नाही. "झोपलेल्या माणसाला हलवून विचारतेस का, झोपलास का म्हणून?" पोरं पुन्हा हसली. मला मात्र तेव्हा रडू फुटलं आणि तुम्हांला वाटलं, ओरडल्यामुळे. ओरडल्यामुळे नव्हतं. मला तुम्हांला विचारायचं होतं, की मला हेच काम का? तुम्ही रुमाल दिलात, कोपऱ्यात निळं फूल भरलेला, आणि म्हणालात, "पुस. आणि हात धुऊन ये." झालं, त्या हात धुऊन येण्याचाही मी महिनाभर कीस काढला. हात मातीचे होते, बाई, कुणीही हेच सांगितलं असतं. पण एकदा मनात किडा शिरला की सगळ्याच गोष्टींना तो लागतो.

निकालाच्या दिवशी, एक मेला, तुम्ही प्रगतिपुस्तक हातात देताना म्हणालात, "महिनाअखेरीला ये. फूल बघायला." मी आले. शाळा बंद, फाटकाला कुलूप, शिपाई झोपेतून उठून आला. व्हरांड्यात पाचोळा, खडूचे तुकडे, आणि त्या गंजक्या डब्यांवर लाल चेंडू. पान एकही नाही, सरळ मातीतून दांडा आणि त्याच्यावर केवढा तरी लाल गोळा, बारीक बारीक शेकडो फुलांचा. मी बघतच राहिले. तुम्ही छत्री मिटून पायरीवर बसलात. "वर्षभर विचारतात, बाई, या डब्यांत लावलंय काय? आणि फुलतं तेव्हा शाळा बंद. दाखवू कुणाला?" तुम्ही हसलात. मग पुन्हा म्हणालात, "नीट बघून घे. आठवडाभर राहतं." अजून मला वाटतं की त्याच वेळी विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत. पण इतकं सुंदर काही समोर असताना असला प्रश्न विचारावासा वाटला नाही.

ऊन फार होतं. तुम्ही म्हणालात, घरी चल, पाणी पिऊन मग जा. तुमचं स्वयंपाकघर मला आजही जसंच्या तसं दिसतं. खाली ओलसर फरशी, तुमच्या वहिनी विळीवर लोणच्याच्या कैऱ्या फोडतायत, सगळ्या घरात आंबट वास, खिडकीत मीठ लावलेल्या कोयी. तुम्ही स्वतः माठातून फुलपात्र भरता आणि माझ्या हातात देता. मी पिते. तोंड लावून की वरून, ते आठवत नाही. आणि मग मी उठते, मोरीत जाते, फुलपात्र घासते, विसळते, पालथं घालते. मला कुणी सांगितलेलं नाही. आई दुसऱ्यांच्या घरी तसंच करायची, मीही केलं. तुम्ही म्हणता, "अगं, राहू दे, ठेव तिथे." एवढं नक्की म्हणालात, मला तुमचा आवाज आठवतो. पण मी मोरीकडे निघाले तेव्हा म्हणालात, की पालथं घातल्यावर? त्यावर सगळं आहे, बाई, आणि नेमकं तेच मला आठवत नाही. किती वेळा आठवून बघितलं. दर वेळी मला जे हवं असतं तसंच आठवतं.

घरी आल्यावर आईने फुलाचं काही विचारलं नाही. तिने विचारलं, "पानी दिलं का?"

"दिलं. बाईंनी स्वतः दिलं."

"कशात?"

"त्यांच्याच पेल्यात."

"मग पेला कुनी धुतला?"

"मीच."

 आई कपाळाला हात लावून म्हणाली, "आता कलायचं कसं?"

आणि आम्ही दोघी हसायला लागलो. खूप हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिला वाटलं असेल मी विसरले.

सातवी सुटताना तुम्ही मला एक कंद दिलात, वर्तमानपत्रात गुंडाळून. कांद्याएवढा, कसल्याच रूपाचा नाही. आईने तो वळच्या घराच्या मागे लावला, आणि हिवाळ्यात तीच त्याला कोंबड्यांपासून जपायची. वर काट्या रोवायची, कुणी भांड्यांचं पाणी टाकायला गेलं की ओरडायची, "तिथं नको, तिथं बाईंचं फूल हाय." ती तुम्हांला मानायची, बाई. ज्या बाईंनी आपल्या मुलीला सुकं काम दिलं असेल, त्याच बाईंचं फूल राखायची. मला दोन्ही एका मनात ठेवता येत नव्हतं, तिला यायचं. माझ्या शाळेतले सगळे डबे त्या एका कंदाचे.

मग मी डी.एड.ला गेले आणि तुम्ही आजारी पडलात. मी भेटायला आले ते ठरवून आले होते, की आज विचारायचंच. येताना खाडीवरच्या कशेळीच्या पुलावर गाडी कितीतरी वेळ अडकली होती, तेव्हा वाक्य जुळवत बसले होते. तुम्ही खाटेवर, अंगावर दोन चादरी, चेहरा एवढासा झालेला. मला बघून पहिलं काय म्हणालात? "पाणी तोडलंस का?"

"हो, बाई."

"कापूस?"

"आमच्याकडे नसतो एवढा. असला तर काढते."

"मग झालं," म्हणालात आणि डोळे मिटलेत. आता अशा माणसाला काय विचारणार? की बाई, मला माठाचं काम का दिलं नाहीत? वहिनींनी चहा आणला. या वेळी मी कपबशी धुतली नाही. मुद्दाम टेबलावर ठेवली आणि बसून राहिले. जरा वेळाने वहिनी आल्या, तुमची औषधाची वाटी उचलली आणि तिच्याबरोबर माझी कपबशीही घेऊन गेल्या. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, पण नाक्यापर्यंत येईस्तोवर ते पुन्हा चढलं. तेव्हा मी शिक्षिका व्हायला निघालेली, इस्त्रीची साडी नेसलेली. त्या कपबशीवरून सातवीतल्या पोरीचं काही ठरत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेल्याचं कळलं. मी खूप रडले. रडताना रागही येत होता, हेही सांगून टाकते.

आता परवाचं. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, उत्तरेकडून आलेल्या मुसलमान घरातली. बाप लूमवर शिफ्ट करतो. मराठी शाळा घराजवळ म्हणून मराठीत घातली, आता माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. दिवाळीनंतर मी कामं वाटली आणि डबे तिला दिले. पाणी घालायचं नाही, कापूस काढायचा, पानं ओढायची नाहीत, सगळं तुमच्याच शब्दांत. शनिवारी शाळा सुटताना तिची आई आली. काळा बुरखा, कडेवर लहान मूल, आणि चेहऱ्यावर, कसं सांगू, भांडायला आलेल्या माणसाचा नाही, भांडण होऊ नये म्हणून घरून ठरवून आलेल्या माणसाचा भाव. मुलीला तिने फाटकाबाहेर उभं केलं होतं.

"मॅडम, एक बात पूछूं? बुरा मत मानना."

"बोला ना."

"सब बच्चों को पानी का काम दिया. मेरी वाली को बोला, पानी को हाथ नहीं लगाने का. ऐसा क्यूं?"

बाई, तोच प्रश्न. मी तिच्याकडे बघत होते आणि मला माझी आई दिसत होती, फाटकाशी छत्री देऊन परत जाणारी. फरक एवढाच की ही आत आली होती. तिने विचारलं होतं. माझ्या आयुष्यात जे कुणाला जमलं नाही ते हिने मूल कडेवर घेऊन केलं.

मी तिला व्हरांड्यात नेलं, डबे दाखवले. म्हटलं, "इसके नीचे कंद है. अभी सोया है. पानी गया तो मर जाएगा. पानी डालना तो कोई भी करता है. नहीं डालना, रोज आके देखना और फिर भी नहीं डालना, ये हर किसी से नहीं होता. पूरे क्लास में मुझे आपकी लडकी का भरोसा है. इसलिए उसको दिया."

तिने वाकून माती बघितली. मूल चुळबुळ करत होतं, ते तिने दुसऱ्या कडेवर घेतलं. मग एकदम तिचा चेहरा सुटला. "तो ऐसा पहले बोलने का ना, मॅडम," ती म्हणाली, आणि थोडी रागावलीसुद्धा. "लडकी चार दिन से रोटी बराबर नहीं खाती." फाटकाशी जाऊन तिने पोरीला काहीतरी सांगितलं. पोरीने वळून माझ्याकडे बघितलं आणि धावत आली ती थेट डब्यांपाशी. शाळा सुटली होती तरी कापूस वेचायला बसली.

मी तशीच उभी राहिले, कारण मी तिच्या आईला जे सांगितलं ते खरं नव्हतं. भरवसा वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. त्या दिवशी घसा दुखत होता, वर्गात गोंगाट होता, कामं वाटून एकदाची संपवायची होती, आणि ती पोर नेमकी खडू घेऊन समोर आली. म्हणून तिला दिलं. एवढंच. आणि खरंच एवढंच होतं का, की पाण्यासाठी वर झालेला तिचा हात मी बघूनही बघितला नाही, याचं उत्तर मी रविवारभर शोधलं. मला सापडलं नाही. माझं मलाच सापडत नसेल, तर तुम्हांलाही विचारून सापडलं नसतं, असं आता वाटतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, बाई. सहामाहीचे पेपर तपासायचे पडलेत, हे उचलून कपाटात ठेवीन आणि त्यांना लागेन. फक्त एक सांगते. खरं कारण काय होतं ते मला आता नको आहे. आई मागच्या वर्षी गेली. तिने तुमचं फूल शेवटपर्यंत राखलं, आणि सुकं काम का दिलं हेही शेवटपर्यंत तिच्या मनात राहिलं असणार. त्या दिवशी तुम्ही तिला व्हरांड्यातून हात केलात ना, तेव्हा दोन पायऱ्या उतरून फाटकाशी यायचं होतंत आणि म्हणायचं होतंत, की वर्गात मला तुमच्या मुलीचाच भरवसा आहे. खोटं असतं तरी चाललं असतं. तिने ते खरं म्हणून घरी नेलं असतं.